जाब कोणाला विचारायचा?



आजच्या व्याख्यानाचा विषय 'राज्यपद्धती आणि नेतृत्व' असा जाहीर झाला आहे. नाव भारदस्त आहे. ते वाचून काही मंडळींना वाटले असेल, की आता वक्ता ॲरिस्टॉटलपासून आरंभ करणार आणि आपल्याला शेवटच्या गाडीपर्यंत बसवून ठेवणार. म्हणून ॲरिस्टॉटलचे ऋण मी आधीच फेडून टाकतो. एकाचे राज्य, थोड्यांचे राज्य आणि अनेकांचे राज्य असे त्याने राज्यांचे वर्ग केले. सर्वांच्या हितासाठी चालते ते राज्य चांगले आणि चालविणाऱ्यांच्या हितासाठी चालते ते बिघडलेले, असा निवाडा त्याने दिला. हा निवाडा अजून जुना झालेला नाही. परंतु त्यात एक प्रश्न शिल्लक राहतो. राज्य सर्वांच्या हितासाठी चालले आहे की नाही, हे ठरवावयाचे कोणी? आणि चालत नसेल, तर जाब विचारावयाचा कोणाला? आज मला एवढ्या एकाच प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे.

त्यासाठी अथेन्सला जावयास नको. टिटवाळ्याच्या स्टेशनावरून कसाऱ्याकडची गाडी धरा. पुढचे स्टेशन खडवली, त्यापुढे वासिंद. तो ग्रामपंचायतींचा मुलूख. उलट दिशेने निघालात तर आंबिवली, शहाड, कल्याण. हा महापालिकेचा प्रदेश, आणि आपले मांडा-टिटवाळाही त्यातच मोडते. कल्याणला गाडी बदलून कर्जतच्या मार्गाला लागा. उल्हासनगर मागे पडले की अंबरनाथ आणि बदलापूर येतात, तेथे नगरपरिषदा आहेत. तास-दीड तासाचा हा प्रवास. तिकीट एकाच रेल्वेचे, पण वाटेत राज्यपद्धती मात्र तीन लागतात!

खडवलीच्या बाजूला गावाचा सरपंच आज सर्व मतदार थेट निवडतात. ग्रामपंचायतीचे सदस्य वेगळे निवडले जातात. या दोघांच्याही वर, निदान कायद्याच्या दृष्टीने, ग्रामसभा असते. गावचा प्रत्येक मतदार तिचा सभासद. तिच्या वर्षातून किमान चार बैठका व्हावयास हव्यात. तेथे कोणीही मतदार उभा राहून सरपंचाला पाणीपट्टीच्या पैशाचा हिशेब विचारू शकतो.

अंबरनाथ-बदलापूरला १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा लागू आहे. तेथेही नगराध्यक्ष सध्या थेट लोकांकडून निवडला जातो आणि नगरसेवक वेगळे निवडून येतात. ग्रामसभा मात्र तेथे नाही.

आपल्याकडे तिसराच प्रकार. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ साली स्थापन झाली आणि ती १९४९ च्या कायद्याने चालते. आपण नगरसेवक निवडतो, नगरसेवक महापौर निवडतात. पण महापौराच्या हाती अंमलबजावणीचे अधिकार जवळजवळ नाहीत. तो सभागृहाचा अध्यक्ष आणि शहराचा मानाचा प्रथम नागरिक. प्रत्यक्ष कारभार आयुक्ताच्या हाती, आणि आयुक्त नेमते राज्य शासन. म्हणजे ज्याला आपण निवडतो त्याच्या हाती कारभार नाही, आणि ज्याच्या हाती कारभार आहे त्याला आपण निवडलेले नाही.

यांतला कोणता प्रकार चांगला? आपले राज्यकर्तेही याबाबतीत अजून एका मतावर आलेले नाहीत. नगराध्यक्षाची थेट निवड महाराष्ट्रात २००१ साली आली, २००६ साली गेली, २०१६ साली परत आली, २०२० साली पुन्हा गेली आणि २०२२ साली पुन्हा आली. सरपंचाचेही तसेच. २०१७ साली थेट निवड, २०२० साली ती रद्द, २०२२ साली पुन्हा थेट. सरकार बदलले की पद्धत बदलते. झोपाळासुद्धा इतका नेमाने झुलत नाही! ज्याला ज्या पद्धतीत आपली माणसे निवडून येण्याची आशा, त्याला ती पद्धत लोकशाहीची वाटते.

या प्रश्नाचा खोल विचार आपल्याकडे घटना लिहिताना झाला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत आणि ब्रिटनची संसदीय पद्धत यांची तुलना केली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की राज्ययंत्रणेत दोन गुण हवेत : ती स्थिर असली पाहिजे आणि ती जबाबदार असली पाहिजे. दोन्ही गुण सारख्या प्रमाणात एकत्र आणणारी पद्धत अजून सापडलेली नाही. अमेरिकेचा अध्यक्ष चार वर्षे स्थिर असतो, पण त्याच्या कामाची परीक्षा मुख्यतः निवडणुकीच्या वेळी होते. संसदीय पद्धतीत मंत्रिमंडळाची परीक्षा रोजची असते. प्रश्न विचारून, ठराव आणून, अविश्वास मांडून ती घेतली जाते. स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक मान देऊन आपण संसदीय पद्धत पत्करली.

रोजच्या परीक्षेचा अर्थ काय, हे इंग्लंडच्या इतिहासातून चांगले कळते. १९४० च्या मे महिन्यात हिटलरची फौज फ्रान्सच्या दाराशी होती. चेंबरलेन हे पंतप्रधान. ८ मे रोजी पार्लमेंटात मतदान झाले. चेंबरलेन जिंकले, पण बहुमत इतके घटले की स्वपक्षाचाच विश्वास उडाल्याचे उघड झाले. दोन दिवसांत चर्चिल पंतप्रधान झाले. निवडणूक झाली नाही, बंड झाले नाही, युद्ध चालू असताना देशाने नेता बदलला. त्याच चर्चिलना युद्ध जिंकल्यावर १९४५ साली मतदारांनी घरी बसविले. कृतज्ञता आणि मत या दोन गोष्टी त्या लोकांनी वेगळ्या ठेवल्या.

ही कसोटी घेऊन आता आपल्या लोहमार्गावर परत या. थेट निवडलेला नगराध्यक्ष म्हणजे अध्यक्षीय पद्धतीची छोटी आवृत्ती. तिचा फायदा उघड आहे. नगरसेवकांना सहलीला नेऊन कोंडून ठेवण्याचा आणि रातोरात अध्यक्ष पाडण्याचा धंदा बंद होतो. पण तोटाही आहे. २०२५ च्या डिसेंबरात अंबरनाथला निवडणूक झाली. नगराध्यक्षपद एका पक्षाकडे गेले आणि सभागृहात सर्वांत मोठा गट दुसऱ्याच पक्षाचा आला. दोघांनाही लोकांनीच निवडलेले! उद्या काम अडले तर अध्यक्ष सभागृहाकडे बोट दाखवील आणि सभागृह अध्यक्षाकडे. मतदाराने मग दोष कोणाला द्यावा? मी पक्षांची नावे घेत नाही, कारण हा दोष पक्षाचा नव्हे, पद्धतीचा आहे.

सरपंचाच्या बाबतीत कायद्याने एक वाट ठेवली आहे. थेट निवडलेल्या सरपंचावर सदस्यांनी तीन चतुर्थांश मतांनी अविश्वास आणला, तरी तेवढ्याने भागत नाही. ग्रामसभेने गुप्त मतदानाने त्याला मान्यता द्यावी लागते. ज्यांनी बसविले त्यांनाच उठविण्याचा अधिकार, हे तत्त्व त्यात आहे. तेव्हा मला वाटते, की थेट निवड आणि अप्रत्यक्ष निवड हा वाद दुय्यम आहे. सरपंच कसा निवडला यापेक्षा ग्रामसभा खरोखर भरते की रजिस्टरातच भरते, यावर गावाचे स्वराज्य अवलंबून आहे.

आता महापालिकेकडे वळू. आयुक्ताच्या हाती कारभार देण्याची ही रीत आली कोठून? ती मुंबईची. १८६५ च्या कायद्याने मुंबईला सरकारनियुक्त म्युनिसिपल कमिशनर मिळाला आणि पहिले कमिशनर झाले आर्थर क्रॉफर्ड. माणूस झपाटलेला होता. रस्ते, गटारे, स्वच्छता यांत त्यांनी मुंबईचे रूप पालटले. मोठी मंडई उभारली. तिला लोक अजून क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात. पण खर्चाला धरबंध राहिला नाही. देखरेखीला जस्टिस ऑफ द पीस मंडळींची सभा होती, पण ती सरकारने नेमलेली. कर भरणारे लोक १८७१ साली खवळून उठले आणि क्रॉफर्ड यांना जावे लागले.

त्या वादात तरुण फिरोजशहा मेहतांनी जी भूमिका घेतली ती आजही मोलाची आहे. सारे गाव क्रॉफर्डच्या नावाने बोटे मोडत असताना त्यांनी क्रॉफर्ड यांची बाजू घेतली. अंमलबजावणी एका कर्त्या माणसाच्या हाती असण्यात चूक नाही. चूक आहे ती त्याच्यावर देखरेख करणारी सभा लोकांनी निवडलेली नसण्यात, असा त्यांचा युक्तिवाद होता. १८७२ च्या कायद्याने मुंबईला कॉर्पोरेशन मिळाले आणि त्यातले निम्मे सभासद करदात्यांनी निवडावयाचे ठरले. पुढे १८८८ चा कायदा झाला, त्याच्या घडणीत मेहतांचा मोठा वाटा होता. काम एकाने करावे, पैसा सभेने मंजूर करावा, आणि सभेने त्या एकाला विचारावे, अशी ती घडी. आपला १९४९ चा कायदा याच घडीवर बेतलेला आहे. बारकाईने पाहिले तर ही दोन चाकांची गाडी आहे. एक चाक काढले तर दुसरे कितीही मजबूत असले, तरी गाडी चालणार नाही.

येथे कोणी उठून म्हणेल, "महाराज, हे पुस्तकी बोलणे झाले. नगरसेवकांनी काय दिवे लावले ते आम्ही पाहिले आहे. त्यापेक्षा एक कडक, प्रामाणिक अधिकारी द्या आणि मोकळे सोडा." हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ठाण्याचे लोक टी. चंद्रशेखर यांचे नाव आजही आदराने घेतात, कारण आयुक्त असताना त्यांनी शहराचे रस्ते रुंद करून दाखविले. २०१६ साली नवी मुंबईत आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध नगरसेवकांनी प्रचंड बहुमताने अविश्वासाचा ठराव केला, तेव्हा कितीतरी नागरिक आयुक्तांच्या बाजूने उभे राहिले. शासनाने ठरावाची तत्काळ अंमलबजावणी केली नाही. बदली झाली ती काही महिन्यांनी, २०१७ साली. निवडून दिलेल्यांपेक्षा नेमलेला अधिकारी लोकांना जवळचा वाटावा, ही निवडून आलेल्यांना लाज वाटावयास लावणारी गोष्ट आहे. ती मी नाकारीत नाही.

पण त्या गोष्टीचा शेवट पाहा. चांगला अधिकारी बदलीच्या एका कागदाने जातो. नागरिकांनी त्याला आणलेले नसते आणि नागरिकांना तो ठेवताही येत नाही. त्याच्या जागी येणारा त्याच्यासारखा असेल, याची हमी कोण देणार?

ही अडचण नवी नाही. आपल्या महागणपतीच्या देवळाचा जीर्णोद्धार थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात झाला, असे आपण सांगतो. एकाच्या राज्याचे उत्तम उदाहरण हवे असेल तर ते माधवरावांचेच. पानिपतानंतर सोळाव्या वर्षी गादीवर आलेल्या त्या मुलाने अकरा वर्षांत मोडलेले राज्य उभे केले. रामशास्त्र्यांसारखा न्यायाधीश जवळ बाळगला, आणि त्याचे ऐकले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव वारले, आणि दहा महिन्यांच्या आत, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात त्यांच्या धाकट्या भावाचा खून झाला. वाडा तोच, शिपाई तेच, दफ्तर तेच. फक्त धनी गेला होता. चांगल्या धन्याचे राज्य त्याच्या श्वासावर उभे असते.

मग पुढे आले बारभाई. आपण गोंधळाच्या कारभाराला 'बारभाई कारभार' म्हणून हिणवतो. इतिहासातले बारभाई मात्र गोंधळी नव्हते. सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके ही माणसे एकत्र आली, रघुनाथरावांना त्यांनी दूर केले, चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावाला पेशवाईची वस्त्रे मिळवून दिली, आणि १७७९ साली वडगावला इंग्रजांना नमविले. थोड्यांच्या राज्याचा हा पराक्रम होय. पण त्या मंडळात नवा माणूस कोणी घ्यावयाचा, जुन्याला कोणी विचारावयाचे, याचा नियम कोठेच नव्हता. हळूहळू बारा भाई जाऊन एक नाना उरले. १८०० साली नाना गेले, आणि १८०२ च्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांच्या तहावर सही केली. नानांची बुद्धी मोठी होती. पण ज्या कारभाराला खालून विचारणारा कोणी नसतो, तो कारभाऱ्याबरोबर संपतो.

याच्या उलट टोकाचेही एक उदाहरण आपल्याच मातीत आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ च्या जानेवारीत आपल्या संस्थानाला नवी राज्यघटना दिली. गांधीजींचा सल्ला तिच्या मुळाशी होता. संस्थान लहान, बहात्तर गावांचे. पण राजाने गावोगावच्या पंचायतींना कारभाराचा पाया मानले आणि आपल्या हातची सत्ता प्रजेच्या प्रतिनिधींकडे सोपविली. नेतृत्व म्हणजे सत्ता मिळविणे अशी आपली समजूत असते. भवानरावांनी ती सोडण्यातले नेतृत्व दाखविले. आपल्यामागे आपल्यासारखा येईलच असे नाही, हे ज्याला कळते तो आपल्या चांगुलपणावर राज्य टेकवून ठेवीत नाही.

आता घरचा विषय. २०१५ साली निवडलेल्या आपल्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत २०२० च्या नोव्हेंबरात संपली. आधी साथीचे कारण होते. मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात गेला. अखेर २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि २०२६ च्या जानेवारीत मतदान झाले. मधली पाच वर्षांहून अधिक काळ आयुक्त हेच प्रशासक होते. प्रस्ताव मांडणारे तेच, मंजूर करणारे तेच, अंमल करणारे तेच. मेहतांनी जोडलेल्या गाडीचे एक चाक पाच वर्षे काढून ठेवलेले होते.

आपली घटना याविषयी काय म्हणते? चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, नगरपालिकेची मुदत पाच वर्षे ठरविली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पुरी व्हावी असे स्पष्ट लिहिले. तरीही हे घडले. एकट्या कल्याणात नव्हे, मुंबई-पुण्यासह राज्यातल्या कितीतरी शहरांत घडले. मला चिंता वाटते ती मात्र दुसऱ्याच गोष्टीची. या पाच वर्षांत किती नागरिकांनी 'आमचे सभागृह कोठे आहे?' असे विचारले? गटार तुंबले तेव्हा आपण ओरडलो. सभागृह बंद पडले तेव्हा फारसा आवाज ऐकू आला नाही. काहींना तर बरेच वाटले! २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढील शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला होता, की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. भक्ती नेत्याचीच असते असे नाही. कडक अधिकाऱ्याचीही भक्ती असते. आणि भक्तीपेक्षाही घातक असतो तो आळस, 'कोणी तरी करील' असे म्हणणारा.

आता सभागृह पुन्हा आले आहे. १२२ सदस्यांचे. पण प्रभाग बहुतेक चार-चार सदस्यांचे आहेत. एका घराला चार नगरसेवक! ऐकावयास श्रीमंती वाटते. पण आपल्या आळीतला दिवा बंद पडला तर चौघांपैकी कोणाचा? चौघे मालक असले की गायीला वैरण कोणी घालावयाची, हा जुनाच प्रश्न आहे. खडवलीच्या शेतकऱ्याला निदान ग्रामसभा तरी आहे. शहरासाठी क्षेत्रसभेची कल्पना कायद्यात आली, पण आपल्या शहरांत ती रुजली नाही. म्हणजे टिटवाळा खेड्यातून शहरात आले तेव्हा त्याला नळ मिळाले, रस्ते मिळाले, पण उभे राहून हिशेब विचारण्याची जागा मात्र हरवली. ही हानी कोणाच्या हिशेबात आलेली नाही.

ती जागा परत कशी मिळवावी? मी फार मोठे उपाय सांगणार नाही. सभागृहाची बैठक जनतेला खुली असते; दर महिन्याला आपल्या भागातली दोन-चार माणसे आळीपाळीने जाऊन बसली, तर नगरसेवकांचे भाषण आणि मतदान दोन्ही सुधारतील. अंदाजपत्रक मांडले जाते तेव्हा मांडा-टिटवाळ्यासाठी किती रक्कम धरली आणि आदल्या वर्षी धरलेली किती खर्च झाली, हे दोन आकडे माहितीच्या अधिकाराने मागवून स्टेशनाबाहेर फळ्यावर लिहून ठेवावेत. तो कायदा २००५ पासून आहे, अर्ज दहा रुपयांत होतो. आणि प्रभागातल्या चौघांना वर्षातून दोनदा एकाच व्यासपीठावर बसवावे, म्हणजे एकाला दुसऱ्याकडे बोट दाखविता येणार नाही. व्यासपीठ कोणते, असे विचाराल तर हे काय वाईट आहे? पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हा लोकांना मताचा अधिकार जवळजवळ नव्हताच. मत यावयाच्या आधी लोकांना ऐकण्याची, तोलण्याची आणि विचारण्याची सवय लागावी, हा त्यामागचा हेतू. आता मत आले आहे. सवय मात्र पुन्हा लावून घ्यावी लागेल.

थोर नेता मिळणे हे नशीब. तो आपल्याला मागून मिळत नाही, आणि मिळाला तर पुरत नाही. विचारणारे नागरिक मात्र आपल्याला स्वतःच होता येते. त्यांच्यापुढे साधा माणूसही नीट कारभार करतो, आणि ते नसले की चांगला माणूसही बिघडतो. सरपंच थेट निवडा की सदस्यांतून, महापौराला अधिकार द्या की आयुक्ताला, त्याचा वाद खुशाल चालू द्या. पण जी पद्धत येईल तिला पहिल्या दिवशी एकच गोष्ट विचारा : काम बिघडले तर आम्ही कोणाच्या दारात जाऊन उभे राहावयाचे? ज्या पद्धतीला याचे उत्तर एका नावाने देता येत नाही, ती पद्धत कितीही आकर्षक असली तरी आपली नव्हे.

आता प्रश्न विचारा; या विषयावर बोलून प्रश्नांची वेळ मीच खाल्ली, असे व्हावयास नको.